मागच्या सीटवर पुरुषोत्तमराव

सईबाईला पाहायला मद्रासहून तंजावरला मंडळी आली, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे बालाजीरावांनी, मुलीच्या शिक्षणाचं काही सांगितलं नाही की टेलिफोन खात्यातल्या नोकरीचं. पाहुण्यांच्या हातात सोज्जी-बज्जीच्या, म्हणजे शिरा-भज्यांच्या, बशा गेल्या न गेल्या तोच ते म्हणाले, "आमची मुलगी मोटारसायकल चालवते. मागाहून कळून रुसवेफुगवे व्हायला नकोत, म्हणून आत्ताच सांगतो."

मुलाच्या आईचा, भवानीबाईंचा, सोज्जीचा घास हातातच राहिला. मुलाच्या मामांनी खाकरून पंख्याकडे पाहिलं. मुलगा मात्र, त्याचं नाव पुरुषोत्तम, बशी खाली ठेवून सरळ बसला.

"बरंच झालं," तो म्हणाला. "लहानपणी विटी लागून माझा एक डोळा गेला. मला काही कुणी लायसन देणार नाही. घरात एकाला तरी चालवता येत असेल तर सोय झाली."

दाराआड उभ्या असलेल्या सईला हसू आवरेना. तिथल्या तिथे तिने ठरवून टाकलं की हाच. हे साल एक्क्याऐंशीचं.

मोटारसायकल तिच्या आयुष्यात आली ती हौस म्हणून नव्हे. बालाजीराव कालव्यांच्या खात्यात होते. कावेरीच्या पाटांची पाहणी करायला त्यांना रोज कालव्याच्या बांधावरून मैलोन्‌मैल हिंडावं लागे आणि त्यासाठी त्यांच्याकडे मैसूरहून आलेली काळी जावा होती. सुट्टीच्या दिवशी सई मागे बसून जायची. अंगणात गाडी पुसताना ती कधी तरी चालू करून दहा हात पुढे न्यायची, तेवढंच.

ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा बांधावरच्या एका झडपेपाशी बालाजीराव खाली वाकले आणि त्यांच्या हाताला विंचू डसला. आजूबाजूला भाताची खाचरं, माणूस कुठे दिसेना. त्यांचा चेहरा घामाने भिजला, जीभ जड झाली. सईने आपल्या दावणीने, म्हणजे तिकडच्या मुली परकराबरोबर घेतात त्या ओढणीने, त्यांना स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि जावा सुरू केली. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. ती रडत होती आणि गाडी हाकत होती. इस्पितळाच्या दारात तिने हॉर्न दाबला तो कुणी तरी येऊन तिचा हात बाजूला करीपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलेले बालाजीराव पहिलं वाक्य बोलले ते असं, "काय गे, अस्की वाट पहिल्या गियरमध्येच आणलीस ना? इंजिन जाळलंस माझं. बरा झालो की नीट शिकवतो."

'अस्की' म्हणजे सगळी. तंजावरच्या मराठीतला हा शब्द सईच्या तोंडी अजून आहे, आणि पुण्याकडचं कुणी हसलं तरी ती तो बदलत नाही.

बालाजीराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जावा मद्रासला लेकीच्या सासरी पाठवून दिली. गोणपाटात आणि गवतात गुंडाळलेली गाडी रेल्वेच्या पार्सल डब्यातून एग्मोर स्टेशनात उतरली. सई आणि पुरुषोत्तम तिला आणायला गेले. टाकीत पेट्रोल नव्हतं, म्हणून पुरुषोत्तम बाटली घेऊन पंपावर गेला आणि येताना तेल मिसळून घ्यायचं विसरला. पुन्हा गेला. अखेर गाडी सुरू झाली, निळा धूर उठला. हमाल गोळा होऊन पाहू लागले. सई पुढे बसली, पुरुषोत्तम मागे बसला, आणि शाळेतला गणिताचा मास्तर मांडीवर पोरांच्या पेपरांची पिशवी घेऊन बायकोच्या मागून ट्रिप्लिकेनच्या गल्लीत शिरला. गल्लीतल्या यच्चयावत खिडक्या उघडल्या.

भवानीबाई त्या दिवशी जेवल्या, पण बोलल्या नाहीत. पुढेही कितीतरी दिवस सईशी त्यांचं बोलणं 'हं' आणि 'ठेव तिथे' एवढ्यावर चाललं. मग एके दिवशी सई कामावरून आली ती जळकी साडी घेऊन. सहावारीच्या निऱ्या सायलेन्सरला चिकटल्या होत्या, घोट्याजवळ फोडही आला होता. सासूबाईंनी फोडाला लोणी लावलं. साडी उलटीसुलटी करून पाहिली. आणि आत जाऊन आपल्या पेटीतलं एक गर्द हिरवं नऊवारी लुगडं आणून सईच्या पुढ्यात टाकलं.

"सहावारी नेसून कुणी घोड्यावर बसतं का?" त्या म्हणाल्या. "काष्टा घाल. आपल्या बायका कशा बसत होत्या मग?"

"अत्ते, ऑफिसात हसतील."

"हसू देत. जळण्यापेक्षा हसणं बरं."

त्या दिवसापासून सई नऊवारी नेसून मोटारसायकल चालवू लागली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली हसल्या, पण आठवडाभरच. भवानीबाई स्वतः मात्र मरेपर्यंत त्या गाडीवर बसल्या नाहीत. फक्त रोज सकाळी सई निघाली की पायरीवर येऊन काष्टा नीट बसलाय ना, एवढं बघून जात.

पुरुषोत्तमला मागे बसायची कला साधली होती. तो वळणावर अंग ताठ धरीत नसे, ब्रेक लागला तर पुढे आदळत नसे. सिग्नलला लोक टकमक बघत. एकदा एका स्कूटरवाल्याने विचारलंच, "काय सार, तुम्हाला येत नाही?"

"येतं ना," पुरुषोत्तम म्हणाला. "बसायला येतं. तेही सगळ्यांना जमत नाही."

लेक झाली, श्रीरंजनी. तीही पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळेत जाऊ लागली. तिला मात्र हे आवडत नसे. शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच ती उतरवायला लावी. "बाकीच्यांच्या अम्मा सायकल-रिक्षा करतात," ती म्हणे. सई तिला कोपऱ्यावर उतरवी आणि ती दारातून आत जाईपर्यंत तिथेच थांबे. तिला वाईट वाटत नसे असं नाही, पण ते तिने कधी पोरीला दाखवलं नाही.

जावा दमली. इंजिन उघडावं लागलं की सुटे भाग मिळेनात. अखेर सईने बुलेट घेतली, इथेच मद्रासेत बनलेली, तांबडी. वजन सईच्या कितीतरी पट. आता जावाचं गियर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या पायाला. बुलेटचं नेमकं उलटं. पहिल्याच आठवड्यात मैलापूरच्या एका वळणावर समोर शहाळ्यांची गाडी आली, आणि सईने सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी गियर पडला. बुलेट हळूच, अगदी मानाने, शहाळ्यांच्या ढिगात शिरली. सई सावरली. पुरुषोत्तम मागच्या मागे घसरून शहाळ्यांत जाऊन बसला. शहाळेवाली कोयता हातात धरून बघतच राहिली.

"लागलं का हो?" सईने घाबरून विचारलं.

"नाही," पुरुषोत्तम म्हणाला. चष्मा सापडेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. "आता बसलोच आहे तर एक फोडायला सांग."

तिघांनी मिळून ढीग पुन्हा रचला. शहाळेवालीने फुटलेल्या दोन शहाळ्यांचे पैसे घेतले नाहीत, उलट पुढे कितीतरी वर्षं ती सईला लांबून येताना बघून गाडी बाजूला ओढून घ्यायची आणि हसायची.

बुलेटबरोबर घरात आणखी एक माणूस आला, कृष्णस्वामी मेकॅनिक. तोवर सईचं बिऱ्हाड वेळचेरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलं होतं. पहिल्या मजल्यावर घर, खाली खांबांच्या मध्ये गाड्या. कृष्णस्वामीचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून. तो सईला अक्का म्हणायचा आणि सई त्याच्याशी इंजिनाच्या आवाजावरून भांडायची. ती म्हणे टॅपेट वाजतंय, तो म्हणे चेन. कधी ती बरोबर ठरे, कधी तो. पुरुषोत्तम स्टुलावर बसून पेपर तपासता तपासता दोघांचं ऐकत राही.

मग आला दोन हजार पंधराचा डिसेंबर.

त्या सकाळी सईने खिडकी उघडली तर खाली रस्ताच नव्हता. तपकिरी पाणी जिन्याच्या अर्ध्यापर्यंत चढलं होतं. खांबांच्या मधल्या गाड्यांची नुसती छपरं दिसत होती. बुलेटचं तर काहीच दिसत नव्हतं, आरशाची दांडी तेवढी पाण्यावर. सई जिन्याच्या पायरीवर बसून त्या दांडीकडे बघत राहिली. दुपारपर्यंत ती दांडीही बुडाली. संध्याकाळी होडी आली. पुरुषोत्तमरावांना आधी उतरवलं, मग सईला. श्रीरंजनी तेव्हा शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात होती, तीही तिथे अडकून पडलेली. फोन लागत नव्हते.

पाणी ओसरल्यावर दोघं घरी परतली तेव्हा बुलेट चिखलाने माखून उभी होती. पडली नव्हती. कृष्णस्वामीचं गॅरेजही बुडालं होतं, हत्यारांवर गंज चढला होता, तरी तो आधी सईच्या दारात आला.

"अक्का, किक मारली नाहीस ना?"

"हात लावला नाही."

"शाबास. आता पाणी आत आहे, किक मारलीस तर गेली."

त्याने गाडी ढकलत नेली. गाडीला लावलेली हत्यारांची पेटी उघडली तर आत साचलेल्या पाण्यात बोटभर मासा निघाला, जिवंत. पुरुषोत्तमरावांनी तो तांब्यात घालून नेऊन तळ्यात सोडला आणि येऊन म्हणाले, "सई, तुझ्या गाडीत भाडेकरू होता." त्या दिवसांत वेळचेरीत हसण्यासारखं फार थोडं होतं. चिखलात बुडालेल्या गाद्या रस्त्यावर पडल्या होत्या, लोक घरातून बादल्यांनी गाळ काढत होते. त्या माशावर गॅरेजातली माणसं हसली आणि हसता हसता सईच्या डोळ्यांत पाणी आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

महिन्याभराने बुलेट सुरू झाली. पण आता तिचा स्वभाव बदलला होता. एके सकाळी सईने किक मारली आणि इंजिनाने ती उलट फेकली. घोट्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आल्यावर आईला पलंगावर बसवून श्रीरंजनी म्हणाली, "अम्मा, आता पोदुम. पुरे. विकून टाक ते लोखंड. अजून तू किती दिवस असं करणार? तू पडलीस तर अप्पांना कोण बघणार?"

उत्तर दिलं ते पुरुषोत्तमरावांनी, तेही बोलून नव्हे. प्लास्टर निघायच्या सुमाराला ते बसने पेरुंगुडीच्या एका शोरूममध्ये गेले. संध्याकाळी तिथला माणूस एक छोटी, हलकी, निळी मोटारसायकल घेऊन दारात उभा. किकची गरजच नाही, बटण दाबलं की सुरू.

"हे काय?" सईने विचारलं.

"बटण आहे," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"ते दिसतंय. मिक्सर आहे का हा?"

"मग मिक्सर समज. पण मला मार्केटात जायचं आहे, आणि रिक्षावाल्यांशी भांडायचं मला होत नाही."

सईने नाक मुरडून बटण दाबलं. गाडीचा आवाज इतका कमी की सुरू झाली की नाही हे तिला दिव्याकडे बघून ठरवावं लागलं. पण त्या निळ्या गाडीने पुढची पाच-सहा वर्षं इमाने काढली. निवृत्तीनंतर दोघं रोज सकाळी तिच्यावरून तिरुवान्मियूरच्या समुद्रावर जात, चालत, इडली खात आणि ऊन चढायच्या आत परत येत. बुलेट खाली कापडाखाली उभी होती. श्रीरंजनीने ती विकायचा विषय पुन्हा काढला नाही, सईनेही काढला नाही.

दोन हजार एकवीसमध्ये पुरुषोत्तमरावांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परत आलं, पण डावी बाजू लुळी राहिली. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालता येई. मागच्या सीटवर बसणं आता शक्य नव्हतं. तोल राहीना. श्रीरंजनी रविवारी येऊन त्यांना आपल्या कारमधून फिरवून आणी. ते जात, पण येताना चेहरा पडलेला असे.

"काय झालं?" सईने एकदा विचारलं.

"काही नाही. पोरगी चांगली चालवते." मग काठी बाजूला ठेवत ते म्हणाले, "काचेआड बसलं की वाटतं, मला कुठे तरी पोचवायला नेतायत. वारा लागत नाही, सई."

त्या दिवशी सई कृष्णस्वामीकडे गेली. "साइडकार बसवता येईल का? बुलेटला."

कृष्णस्वामीने हात पुसले. "बसवता येईल. ओळखीचा एक माणूस बनवतो. पण अक्का, ते चालवणं वेगळं. या वयात..."

"तू बसव. वयाचं मी बघते."

साइडकार बनली, आरटीओच्या माणसाने तपासून तिची नोंद केली. हे सगळे कागद श्रीरंजनीनेच केले, तोंड वाकडं करून का होईना. खरी पंचाईत त्यानंतर झाली. आयुष्यभर सई वळणावर झुकून गाडी वळवत आली होती. साइडकार लावलेली गाडी झुकतच नाही. नुसतं हँडल फिरवायचं, ताकदीने. वेग वाढवला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे. पेरुंगुडीच्या एका रिकाम्या प्लॉटवर कृष्णस्वामीने साइडकारमध्ये तांदळाची पोती ठेवली आणि सईला सोडलं. पहिल्याच डाव्या वळणावर साइडकारचं चाक हवेत उठलं. दुसऱ्यांदा ती कुंपणात गेली. तिसऱ्या दिवशी ती गाडीवरून उतरून पोत्यावर बसली.

"नाही जमत रे, कृष्णस्वामी. शरीर ऐकतच नाही. मी वळण आलं की आपोआप झुकते."

"विसरायला वेळ लागतो, अक्का."

"माझ्याकडे तेवढा वेळ आहे का?"

त्याने पोती नीट लावली, सईला चहा आणून दिला. चहा पिऊन ती पुन्हा उठली. रोज सकाळी जात राहिली. हात भरून येत, रात्री श्रीरंजनीला फोनवर ती सांगायची की गुडघा दुखतोय, हातांचं नाव काढायची नाही. कधी कोण जाणे, एके सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण प्लॉटला फेरी मारून आलो आणि झुकलोच नाही.

आता राहिली किक. मोडलेल्या घोट्याने ती मारणं सईला शक्य नव्हतं. इतके दिवस कृष्णस्वामीच मारून देत होता, तो कायम येऊ शकत नव्हता, पण पहिल्या फेरीला येतो म्हणाला होता. पहिल्या फेरीच्या रविवारी पुरुषोत्तमरावांना साइडकारमध्ये उशा लावून बसवलं, सई गाडीवर बसली, आणि कृष्णस्वामीचा फोन आला की त्याला ताप आहे.

श्रीरंजनी खांबाला टेकून उभी होती. ऑफिसात माणसांच्या मोठ्या फौजेवर हुकूम चालवणारी बाई ती, पण त्या तांबड्या गाडीकडे अजून ती शाळेतल्या पोरीसारखीच बघायची.

"मी मारू?" तिने विचारलं.

"ये," सई म्हणाली. "या बाजूला उभी राहा. दिव्यावरचा हा काटा बघ. हँडलवरची ही दांडी दाबून धर, पाय हळू खाली ने, काटा मध्ये आला की थांब. आता दांडी सोड. आता पूर्ण अंगाने मार आणि पाय लगेच काढ. घाबरायचं नाही."

"अम्मा, तू घाबरली नव्हतीस म्हणून तुझा पाय मोडला."

"म्हणून सांगतेय, लगेच काढ."

श्रीरंजनीची पहिली किक नुसतीच घसरली. दुसरी, तिसरी तशीच. तिच्या कपाळावर घाम आला, केस सुटले. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. या वेळी तिने वर पाहिलंच नाही. ओठ चावून तिने पुन्हा काटा मध्ये आणला आणि उडी मारून किक मारली. बुलेट धडधडली. श्रीरंजनी "अय्यो!" म्हणून मागे सरली आणि टाळ्या वाजवायला लागली, तिच्या स्वतःच्याही नकळत.

समुद्राकाठच्या ईसीआर रस्त्यावर सई पुढे, मागून श्रीरंजनी कार घेऊन. सकाळ होती, रस्ता मोकळा. पुरुषोत्तमरावांचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, चांगल्या हाताने त्यांनी साइडकारची कड धरली होती. नीलांकरैपर्यंत ते काही बोलले नाहीत. सईला वाटलं, त्रास होतोय की काय. तिने गाडी कडेला घेतली.

"बरं वाटत नाही का हो?"

ते तिच्याकडे मान वळवून बघत होते. झटक्यानंतर त्यांचे शब्द सावकाश यायचे. "तू," ते म्हणाले, "चालवताना ओठ मुडपतेस."

"काय?"

"मला माहीतच नव्हतं. मला आपली तुझी पाठच दिसायची. चाळीस वर्षं." आणि मग त्यांच्या त्या जुन्या मास्तरी आवाजात, "चल आता. उशीर होतोय."

कुठे जायचं ठरलं नव्हतं, उशीर कशाला होणार होता देव जाणे. सईने गियर टाकला. कोवळमपर्यंत ते गेले. तिथे रस्त्याकडेच्या टपरीवर तिघांनी इडल्या खाल्ल्या. सईने पोरीला तिच्या वडिलांची बशी धरायला सांगितलं, कारण तिचे स्वतःचे हात हँडल धरून इतके भरून आले होते की बशी धरवेना. आता तिने ते लपवलंही नाही.

पुढच्या रविवारी श्रीरंजनी भल्या पहाटे आली, पायात बूट घालून. "किकचं काम झालं की मला ती निळी गाडी शिकव," ती म्हणाली. सई किल्ली आणायला आत गेली.

हल्ली रविवारी सकाळी पेरुंगुडीच्या त्या प्लॉटवर कडुनिंबाच्या सावलीत बुलेट उभी असते. साइडकारमध्ये पुरुषोत्तमराव बसलेले असतात, मांडीवर थर्मास. निळ्या गाडीवर श्रीरंजनी, आणि तिच्या मागच्या सीटवर काष्टा घट्ट आवळून बसलेली सई. ती अजिबात चांगली बसत नाही. वळणावर ताठ होते, ब्रेक लागला की पोरीच्या पाठीवर आदळते, आणि पूर्ण वेळ "क्लच! क्लच!" म्हणून ओरडत असते. पुरुषोत्तमराव सावलीतून सावकाश हाक मारतात, "सई, अंग सैल सोड. बसायला शीक जरा."